दातांची खूण नसलेलं क्लॅरिनेट

या सदरातले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि वर शेरा मारते की या माणसाची त्या दिवशी बीपीची गोळी चुकली असणार. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे हे पाहून तो पलीकडे गालातल्या गालात हसतोय. हसू दे. तुम्हीही हसा — लोकांचे दात बघायची मला सवय आहे, मी दातांची डॉक्टर आहे.

माझं माहेर सातारा, सासर कुंभकोणम्. सासरची माणसं मराठीच, पण मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेली आणि इकडचीच होऊन गेलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि घरातली मराठी अशी की लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही मंडळी पोथीतून उठून आली आहेत. आता कान सरावले. माझी स्वतःची मराठीही साताऱ्याला गेले की भावंडांना विनोदी वाटते, पण तो विषय वेगळा.

सांगायचं आहे ते माझ्या सासऱ्यांबद्दल आणि एका जुन्या क्लॅरिनेटबद्दल. भुताबद्दल आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. रेल्वेत पार्सल ऑफिसात नोकरी केली, पण ती पोटापुरती. खरा जीव क्लॅरिनेटमध्ये. तरुणपणी तिरुनागेश्वरम्‌च्या एका वाद्यारांकडे — म्हणजे गुरुजींकडे — ते शिकले आणि तेव्हापासून दर शनिवारी मठात विठ्ठलाच्या भजनाला साथ करत आले. तुम्हा तिकडच्या वाचकांना क्लॅरिनेट म्हटलं की लग्नाचा बॅण्ड आठवतो. इकडे तसं नाही. इकडे क्लॅरिनेट मांडी घालून वाजवतात, गळ्यातून निघावं तसं, वळणं घेत घेत. अभंग सुरू झाला की अप्पा डोळे मिटायचे आणि म्हातारी माणसं टाळ वाजवायची विसरायची. मी संगीतातली औरंगजेब, पण मलाही ते ऐकताना काहीतरी व्हायचं.

मागच्या वर्षी त्यांचं वाद्य उभं चिरलं. लाकूडच ते, वय झालं होतं. दोनदा सांधून आणलं, दोन्ही वेळा हवा गळायला लागली. अप्पांनी ते गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि शनिवारी मठात जाणं बंद केलं. "उत्सवाला येतों सांगा," एवढाच निरोप. घरात बसून राहायचे. पेपर उलटा धरलाय हे कळायचं नाही, इतके बसून.

आणि इथेच माझा भाग सुरू होतो. अप्पांच्या वरच्या पुढच्या दोन दातांखालचं हाड झिजलं होतं. दात हलत होते. मीच तपासले होते, मीच एक्स-रे काढला होता. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडतात आणि वरचे दात सरळ माउथपीसवर टेकवतात — चावल्यासारखे. तासभर वाजवलं की तासभर त्या दातांवर जोर. जपून राहिले तर वर्षभर टिकले असते. वाजवत राहिले तर दोन-तीन महिन्यांत हातात आले असते. आणि दात गेले की वाजवणं संपलं, कवळीवर ते पेलत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत — अप्पांची गत अगदी तीच झाली होती. सांगणारी डॉक्टर सूनच, म्हणजे आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार तरी कोणाकडे करणार?

अशात मठातल्या कोणीतरी बातमी आणली, की मेलकावेरीला एका घरी जुनं क्लॅरिनेट विकायला आहे. अप्पांची पाठ एकदम ताठ झाली. दुकानात नवी मिळतात, पण त्यांना चाव्यांचं जंजाळ फार. अप्पांना हवं जुन्या धाटणीचं, उघड्या भोकांचं. बोट भोकावरून हळूच घसरवता आलं पाहिजे, तरच आपला सूर वळतो म्हणतात. तसलं आता कोणी बनवत नाही, जुनंच शोधावं लागतं.

"तूं ये माझ्याबरोबर अम्मा," ते मला म्हणाले. "तूं होय म्हणालीस तर घेऊं. नक्को म्हणालीस तर नक्को. दात तुझ्या हातांत आहेत."

इकडे लाडाने सुनेला, लेकीला, कोणालाही अम्मा म्हणतात. पण असं म्हणून सगळं ओझं माझ्या डोक्यावर टाकून ते मोकळे झाले. मी मनात ठरवूनच निघाले होते की काहीतरी खोट काढायची आणि नाही म्हणायचं.

कार्तिक महिना होता, इकडच्या पावसाचे दिवस. रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने मेलकावेरीला गेलो. बैठं, चिकटून उभं असलेलं घर, दारात ओली रांगोळी. घरात एकट्याच बाई — पार्वतीअक्का. आपल्याच मराठी लोकांतल्या. नवरा, नरसिंगराव, जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा होसूरला, तो आता आईला कायमची घेऊन जाणार, म्हणून घर आवरायला काढलेलं. अक्कांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली होती. अर्धांगाचा जुना झटका. तोंडाचा तो कोपरा मिटत नव्हता. कॉफी पिताना त्या टॉवेल लावून बसत. हे मी पाहिलं ते फक्त सवयीने. पुढे याचा उपयोग होईल असं मनातही नव्हतं.

त्यांनी पेटी आणली. काळं लाकूड, चाव्या कमी, चांदीचा रंग गेलेला. अप्पा दोन्ही हात पुढे करून बसले होते, देवळात प्रसादाला बसतात तसे.

"थांबा," मी म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू न पुसता तोंडात घालू देईन तर मी डॉक्टर कसली! पर्समधून स्पिरिटचा कापूस काढला, माउथपीस हातात घेतला... आणि रीड ओली होती.

दमट नव्हे. ओली. रीड म्हणजे वेताची ती पातळ पट्टी, जी फुंकल्यावर थरथरते. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती सुकते, तिची कड लाटेसारखी वाकडी होते, हे मला अप्पांकडून ठाऊक होतं. ही सपाट, सरळ आणि ओली. मी बोटांत घेतली तर बारीक तार सुटली. लाळ ओळखायला मला कोणी शिकवू नये. बावीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून बसले आहे.

मला रागच आला. म्हणजे आमच्या आधी कोणी गिऱ्हाईक येऊन फुंकून गेलं होतं आणि पुसायची तसदीही घेतली नव्हती. "आत्ता कोणी पाहून गेलं का?" मी विचारलं.

"कोणी आलं नाहीं अम्मा," अक्का म्हणाल्या. "तुम्हीच पहिले."

खोटं बोलतायत, असं वाटून मी पुसायला लागले. आणि तेव्हा दुसरी खोट सापडली. माउथपीस काळ्या कडक रबराचा असतो. त्यावर वर्षानुवर्षं वरचे दात टेकले की दोन खाचा पडतात. अप्पांच्या माउथपीसवर तर बोट अडकेल एवढ्या आहेत. यावर एकही ओरखडा नाही. गुळगुळीत. आणि अक्का म्हणत होत्या की त्यांच्या यजमानांनी हे जन्मभर वाजवलं!

मी अप्पांना कानात सांगितलं, "हे कोणी वाजवलेलंच नाही. खुणा नाहीत."

अप्पांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी वाद्य जोडलं, ओठांना लावलं. पडून राहिलेलं क्लॅरिनेट आधी गुरगुरतं, चिरकतं, गार असलं की सूर खाली पडतो, मग हळूहळू वर येतो. हे पहिल्याच फुंकेला बोललं. पाण्यासारखा स्वच्छ सूर. अक्कांनी मान फिरवून खिडकीकडे पाहिलं.

मी मात्र अप्पांच्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टर बाईचं लक्ष दुसरीकडे कुठे असणार! आता कळ येईल, आता कपाळाला आठी पडेल, याची वाट पाहत होते. आठी पडलीच नाही. कारण त्यांचे वरचे दात माउथपीसला लागलेच नव्हते. त्यांनी वरचा ओठसुद्धा आत दुमडून घेतला होता. दोन्ही ओठांच्या गादीवर ते वाजवत होते. दुखतंय म्हणून जपतायत, असं मी समजले.

भजनाच्या दोन ओळी वाजवून ते थांबले. वाद्य उतरवलं तेव्हा खालच्या तोंडातून थेंब पडले. एक-दोन नव्हे, चांगले टपटप. तासभर वाजवल्यावर श्वासाचं पाणी साठतं आणि मग असं पडतं, हे घरात रोज पाहिलेलं. पण दोन ओळींत? अप्पांनी लाकडावरून हात फिरवला. मग वाद्य अक्कांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "नक्को. हें कोणी तरी वाजवत आहेत. अजून थांबले नाहींत."

आणि उठले. मी नाही म्हणायच्या तयारीने गेले होते आणि तेच नाही म्हणाले!

रिक्षात मी समजावलं — अप्पा, पावसाळा आहे, ओल धरली असेल, किंवा कोणी गिऱ्हाईक येऊन गेलं असेल. ते म्हणाले, "ऊन होतं लाकूड. आंतून." मग म्हणाले की त्यांच्या वाद्यारांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. तबला मागावा, वीणा मागावी, पण फुंकायचं वाद्य दुसऱ्याच्या ओठांतून मागून घेऊ नये. त्याचा श्वास संपून त्याने आपणहून खाली ठेवलं, तरच उचलावं.

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दात वाचले, वाईटपणा माझ्याकडे आला नाही. पण त्या दिवसापासून अप्पा जे बसले ते आधीपेक्षाही वाईट. आधी वाद्य मोडलं म्हणून बसले होते. आता चांगलं वाद्य हातात येऊन परत देऊन बसले होते. जेवायला वाढलं तर "पुरे". नातीने विचारलं तर "मग". घरात माणूस असून घर रिकामं वाटणं म्हणजे काय, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. आणि मला वाईट वाटत होतं, फार वाईट.

एका गोष्टीने मला स्वस्थ बसू दिलं नाही. तो दुमडलेला ओठ. मी विचार केला, की दोन्ही ओठ आत घेऊन यांना वाजवता येत असेल तर दात राहोत की जावोत, प्रश्नच मिटला! इतकी वर्षं सांगितलं का नाही? कपाटावरून त्यांचा जुना माउथपीस काढला, रीड भिजवली आणि म्हटलं, "अप्पा, नुसतं एवढ्यावर फुंका. परवासारखं."

"परवासारखं म्हणजे?"

"वरचा ओठ आत घेऊन."

"मी कधीं घेतों तसं?" ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी माउथपीस तोंडात धरला आणि दात नेहमीच्या खाचांत जाऊन बसले. फुंकल्याबरोबर कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आता ओठ दुमडून करा. त्यांनी प्रयत्न केला. फुस्स. पुन्हा केला, हवा कोपऱ्यातून निसटली. तिसऱ्यांदा बदकासारखा आवाज निघाला आणि नात खुदकन हसली. अप्पा चिडले. "हें नव्यानं शिकायचं काम आहे अम्मा. माझ्या वयांत नव्हे."

माणसाला जे घरात जमत नाही ते मेलकावेरीत, परक्या वाद्यावर, पहिल्याच फुंकेला कसं जमलं? मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हातभर अंतरावरून.

म्हणून मी दुपारच्या सुट्टीत दवाखाना बंद करून एकटीच पुन्हा मेलकावेरीला गेले. तपास करायचा म्हणून. पर्समध्ये हातमोजे, कापूस, स्पिरिट. कॅमेरा लावायचा तेवढा बाकी ठेवला होता! अक्कांना म्हटलं, मला वाद्य पुन्हा पाहायचंय. त्यांनी पेटी दिली आणि कॉफी करायला आत गेल्या.

रीड ओलीच होती. मी ती सोडवली, स्पिरिटने पुसली, कापसाने कोरडी केली, पदराने वारा घातला. माउथपीस आतून बाहेरून पुसला. सगळं खडखडीत कोरडं करून पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पेटी मांडीवर घेऊन दोन्ही हात वर ठेवून बसले. अक्का पेले घेऊन आल्या.

मी सरळच विचारलं, "अक्का, तुम्ही वाजवता का हे?" विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. समोर त्या टॉवेल लावून कॉफी पीत होत्या. ज्या बाईचा ओठ मिटत नाही, तिच्याने दिवा फुंकून विझवणं होणार नाही, ती क्लॅरिनेट काय वाजवणार!

त्या हसल्या, अर्ध्या तोंडाने. "मला कुठलं येतें? मी पुसतें मात्र. रोज पुसतें. ओलं होतें ना तें."

"रोज?"

"होय की. सकाळीं पुसून ठेवितें, सांजे परत ओलं. यजमान गेल्यापासून असंच. पापड नाहीं का ओलावत पावसांत? लाकूडच तें." त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. जन्मभर नवऱ्याचं वाद्य त्याच्या वाजवण्यानंतर ओलं पाहिलेलं. त्यांना वाटत होतं, क्लॅरिनेट म्हणजे ओलावणारच. उन्हाळ्यातही ओलावतं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "उन्हाळ्यांत जास्त. उन्हाळ्यांत लग्नं असतांत."

मी पेटीवरून हात काढले नाहीत. मग मी दातांचं विचारलं. जन्मभर वाजवलं तर माउथपीसवर दातांची खूण कशी नाही?

"तेंना वरचे दात कुठें होते?" अक्का म्हणाल्या. "लग्नाआधींच गेले. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या रस्त्यावर सायकलीवरून पडले, पुढचे सगळे गेले. सगळ्यांनीं सांगितलें, आतां क्लारनेट सोड. सोडलें नाहीं. एकटे शेतांत जाऊन बसायचे. शिकले परत." आणि मग त्यांनी मला दाखवलं. वरचा ओठ आत, खालचा ओठ आत. त्यांचा अर्धाच ओठ त्यांचं ऐकत होता, पण ओळखायला तो अर्धा पुरेसा होता. रविवारी अप्पांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं होतं ते हेच.

मी पेटी उघडली. रीड ओली होती.

दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं, बाहेर मासळीवाली ओरडत होती. भिण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटलीही नाही. माउथपीस हातात घेतला तर कोमट होता. मला रडू आलं. का ते सांगता येत नाही. कोणीतरी इतकी वर्षं वाजवत बसलंय आणि ऐकायला कोणी नाही, असं काहीसं वाटलं.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. माझा प्रश्न आता उलटा झाला होता. या वाद्यावर, या पद्धतीने, अप्पांना दातांशिवाय वाजवता येणार होतं. डॉक्टर म्हणून मी हो म्हणायला तयार होते. पण अप्पांची अडचण दातांची नव्हतीच. ती होती वाद्यारांच्या त्या नियमाची. आणि त्यांना हो म्हणायला लावायचं तर मला अशी गोष्ट बोलावी लागणार होती जिच्यावर माझा विश्वास नाही.

बोलले. "अप्पा, तुम्ही त्यांच्या ओठांतून काढून घेत नाही आहात. ते आपणहून देतायत. नाहीतर तुम्हाला तो ओठ त्या दिवशी कसा आला?"

नवरा पेपरावरून माझ्याकडे बघत होता. हीच का ती, पिंपळाच्या गोष्टींना हसणारी? पण अप्पांनी माझ्याकडे पाहिलं ते वेगळं. "तूं होय म्हणतेस?"

"मी होय म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. अप्पांनी धोतर नेसलं होतं, गंध लावलं होतं. अक्कांच्या पुढे बसून त्यांनी विचारलं, "अक्का, तेंचं वाजवून झालं असेल तर मी घेऊं?"

"मला काय विचारतां? तेंना विचारा," अक्का म्हणाल्या आणि पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

अप्पांनी विचारलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही. डोळे मिटून थोडा वेळ बसले. मग वाद्य ओठांना लावलं. वरचा ओठ आत गेला. मी पाहत होते, तो आपणहून गेला, अप्पांचं तिकडे लक्षही नव्हतं. आणि त्यांनी पूर्ण अभंग वाजवला, थेट शेवटापर्यंत. अक्का आधी खिडकीकडे बघत होत्या, मग त्यांनी मान वळवली आणि अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, लुळ्या डोळ्यातूनही येत होतं. "तसंच," एवढंच म्हणाल्या. "तसंच धरायचे."

वाजवता वाजवता मात्र सूर हळूहळू उतरायला लागला. आधी मला वाटलं माझा कान चुकतोय, पण अप्पांच्याही कपाळावर आठी आली. वाजवलं की लाकूड तापतं आणि सूर चढतो, नेहमी असंच होतं. हे उलटं होत होतं. संपल्यावर त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं. थंड होतं. विहिरीच्या कठड्याला हात लावावा तसं थंड. खालून एक थेंब पडला नाही. अप्पा म्हणाले, "ठेविलें त्यांनीं."

वाद्य घरी आलं. मी रोज पेटी उघडून पाहायचे, कबूल करते, रोज. कधी ओलं सापडलं नाही. पाऊस तर त्या महिन्यात दिवसरात्र होता, घरातल्या काड्यापेट्या पेटत नव्हत्या, पण रीड कोरडी. अप्पांना ती आता दहा मिनिटं तोंडात धरून भिजवावी लागते, इतर सगळ्या वाजवणाऱ्यांसारखी. ज्यांना "ओल धरली असेल" असं लिहायचं आहे, त्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. माझ्या मनात आलेली उत्तरं मीच खोडलेली आहेत. दुखऱ्या दातामुळे ओठ आपोआप आत गेला म्हणावं, तर तो घरच्या माउथपीसवर का गेला नाही? तिथे तर कळ जास्त होती. अक्का फसवत होत्या म्हणावं, तर पेटी माझ्या मांडीवर होती.

अक्का होसूरला गेल्या. मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला, मी अप्पांचे ते दोन्ही दात काढले. माझ्याच खुर्चीवर, माझ्याच हातांनी. जखम भरल्यावर म्हटलं, कवळी करू या. तर म्हणाले, "जेवायला कर. वाजवायला नक्को." उत्सवात ते मठात बसले, पुढचे दात नसलेले, हसले की लहान मुलासारखे दिसणारे. आणि असं वाजवलं की मागे कोपऱ्यात बसलेली मी, संगीतातली औरंगजेब, पदर तोंडात धरून रडले. वाईट वाटून नव्हे.

घरी परतताना मी त्यांना विचारलं. इतके दिवस मनात होतं, धीर झाला नव्हता. "अप्पा, खरं सांगा. हे असं दोन्ही ओठ घेऊन वाजवायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

ते रिक्षातून बाहेर बघत होते. म्हणाले, "कोण की."

आमच्या घरच्या मराठीत 'माहीत नाही'ला 'कोण की' म्हणतात. आमटीत मीठ घातलं का? कोण की. कुरियरवाला येऊन गेला का? कोण की. दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, त्यात काही अर्थ नसतो. मी साताऱ्याची असूनही त्यातल्या 'कोण'कडे कधी लक्ष दिलं नाही, इतक्या वर्षांत ते 'माहीत नाही' असंच ऐकत आले आहे.

त्या दिवशी मात्र मला ते तसं ऐकू आलं नाही.